मेलेल्यांचा हिशोब कोण ठेवणार?

गोष्टीवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: तुमच्या निवडीने गोष्ट बदलेल. कोण जगेल, कोण मरेल, ते तुम्ही ठरवाल. माझं म्हणणं असं की हे आश्वासन बहुतेक वेळा खोटं असतं, आणि ते खोटं आहे हे कळल्यावर आपण चुकीची मागणी करतो. आपण म्हणतो, आणखी फाटे द्या, आणखी शेवट द्या. मागायला हवं ते वेगळंच आहे.

आधी खोटेपणाचं उदाहरण देतो. 2012 साली टेलटेल या अमेरिकन कंपनीचा 'द वॉकिंग डेड' आला. लेखनासाठी तो गाजला आणि तो चांगला आहेही. त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी दोन माणसं एकाच वेळी संकटात सापडतात, कार्ली आणि डग. वाचवता येतं एकालाच. खेळणाऱ्याचा जीव खालीवर होतो, तो एकाला वाचवतो, दुसरा मरतो. मग तिसऱ्या भागात वाचवलेला माणूसही मरतो. कार्लीला वाचवलं असेल तर कार्ली, डगला वाचवलं असेल तर डग, त्याच रस्त्याच्या कडेला, त्याच बाईच्या गोळीने. कंपनीने दोन वाटा काढल्या आणि थोडं पुढे जाऊन दोन्ही एकाच खड्ड्यात बुजवल्या.

असं का करतात, ते समजून घेणं आवश्यक आहे, कारण हा आळस नाही. हे साधं गणित आहे. प्रत्येक वेळी दोनच पर्याय दिले आणि प्रत्येक पर्यायाची वाट शेवटपर्यंत वेगळी ठेवली, तर दहा निवडींनंतर 1,024 गोष्टी होतात. वीस निवडींनंतर 10,48,576. प्रत्येक गोष्टीचे संवाद लिहायचे, नटांकडून बोलून घ्यायचे, चित्रं हलवायची. जगातला कुठलाच स्टुडिओ ते करू शकत नाही. म्हणून वाट फुटते आणि पुन्हा मूळ रस्त्याला येऊन मिळते. 'मास इफेक्ट'च्या तीन भागांत खेळणाऱ्यांनी शेकडो निर्णय घेतले आणि 2012 साली तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यांच्या हातात जवळपास सारखे दिसणारे तीन शेवट आले, रंग तेवढे निराळे. लोक इतके चिडले की कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये शेवट वाढवून फुकट द्यावा लागला. तरी मुळातली अडचण सुटली नाही. ती फाट्यांच्या संख्येने सुटणारी नाहीच.

मग कशाने सुटेल? हे सांगायला मला कॅलिफोर्नियात जावं लागत नाही. मी सिंधुदुर्गातला आहे. आमच्याकडे शेकडो रात्री हाच प्रश्न बाकड्यावर बसून सोडवला जातो.

कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडे दशावताराचे खेळ लागतात. धयकालो म्हणतात त्याला. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. हे देवळाच्या जत्रेतलं नाटक आहे आणि त्यातला पूजेचा भाग माझा नाही. पण गोष्ट कशी सांगावी याचं पहिलं शिक्षण या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तिथेच मिळतं, मग त्याचं नाव काहीही असो.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी आख्यान ठरतं, राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण, राक्षस कोण हे ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो. संवाद मात्र तिथल्या तिथे जन्माला येतात. काल शेजारच्या गावात दोन वाक्यांत उरकलेला प्रवेश आज अर्धा तास रंगतो, कारण समोरच्याने एक प्रश्न असा टाकला की त्याला उत्तर देणं भाग पडलं. राक्षस मरणार हे सगळ्या गावाला माहीत असतं. लहान पोरालाही माहीत असतं. तरी माणसं थंडीत गोधडी पांघरून बसून राहतात. शेवट ठरलेला असूनही कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

याचं कारण, इथे शेवट बदलण्याचं आश्वासन कुणी दिलेलंच नसतं. आश्वासन वेगळं असतं आणि ते पाळलं जातं: रंगमंचावर जे बोललं जाईल ते समोरचा ऐकेल आणि त्याला उत्तर देईल. राजाने पहिल्या प्रवेशात राणीला दुखावलं असेल, तर तिसऱ्या प्रवेशात राणी ते काढणारच. कुणी शब्द दिला असेल तर तो मोडल्याचं दुसऱ्या पात्राच्या तोंडून येणारच. गोष्ट पुढे सरकते ती पात्रांच्या आठवणीवर.

गेमच्या लेखकांनी नेमकं हेच उचलावं. लाखो फाटे लिहिता येणार नाहीत, पण दहा पात्रांना आठवण देता येते. खेळणारा काय बोलला, कुणाला टाकून गेला, कुणाचं अन्न कुणाला दिलं हे टिपून ठेवायचं आणि पुढच्या प्रसंगात त्या पात्राच्या वागण्यातून ते दाखवायचं. प्रसंग तोच राहतो, त्यातलं नातं बदलतं. लिहायला हे कितीतरी स्वस्त आहे आणि परिणामाला कितीतरी भारी. 'द वॉकिंग डेड'मध्येही पडद्याच्या कोपऱ्यात ओळ येते, की अमुक पात्र हे लक्षात ठेवेल. पण अनेकदा ती ओळ येते आणि विरते, पुढे पात्राला काही आठवतच नाही. दशावतारात एखादा नट असा वागला, तर दुसऱ्या दिवशी गावभर त्याची टिंगल होईल.

शेवट न बदलताही निवड किती मोठी असू शकते, याचं एक उदाहरण आम्हा मुसलमानांना वेगळं सांगावं लागत नाही. कर्बलाचा शेवट ठरलेला आहे. हिजरी 61, म्हणजे इसवी सन 680, मुहर्रमची दहावी तारीख. इमाम हुसैन (रजि.) यांचा काफिला ज्याने आधी वाटेत अडवला, तो हुर्र एक हजार स्वारांचा सरदार होता. आशुऱ्याच्या सकाळी तो आपली फौज सोडून इमामांकडे आला आणि त्यांच्या बाजूने लढताना शहीद झाला. त्याच्या येण्याने लढाईचा निकाल तसूभरही बदलला नाही. त्याचा स्वतःचा जीवही वाचला नाही, उलट गेला. तरीही साडेतेराशे वर्षं आपण त्याचं नाव घेतो. गेम बनवणाऱ्याच्या तक्त्यात ही निवड 'परिणामशून्य' म्हणून नोंदली जाईल. माणसाच्या इतिहासात तिच्याइतकी परिणामकारक निवड शोधावी लागेल. कर्बलावर गेम करा असं मी मुळीच म्हणत नाही, तो विचारही नको. म्हणणं इतकंच की निवडीची किंमत निकालावर मोजण्याची सवय चुकीची आहे.

आता मरणाकडे येतो, कारण खरी पोकळी तिथे आहे.

आमच्या किनाऱ्यावर एखाद्या होडीचा तांडेल गेला, तर काय होतं ते कुणीही सांगेल. होडी वाळूवर ओढलेली राहते. खलाशी दुसरीकडे काम शोधतात. जाळ्यासाठी काढलेलं कर्ज तसंच राहतं. थोरला मुलगा कॉलेज सोडायचं की नाही यावर घरात वाद होतो. मुसलमानाचं घर असेल तर मशिदीतून खबर दिली जाते, वस्तीतली माणसं जनाज्याला येतात, माती देतात, शेजारपाजारची घरं जेवण पाठवतात. हिंदू घरात सुतक आणि तेराव्यापर्यंतचे दिवस असतात. रीत कुठलीही असो, एका मरणाने दहा माणसांची आयुष्यं हलतात. मरण ही मागे राहिलेल्यांची गोष्ट असते.

बहुतेक गेममध्ये ही मागची गोष्टच गायब असते. 'अनटिल डॉन' हा 2015 सालचा गेम घ्या. आठ तरुण, कुणीही मरू शकतो, सगळे मरू शकतात किंवा सगळे वाचू शकतात. तंत्र म्हणून ही मोठी कामगिरी आहे. एक गोष्ट तर मला मनापासून आवडली: मागे जाऊन चूक पुसायची सोय त्यात सहजी मिळत नाही, गेम आपोआप नोंद करत पुढे जातो. पण ज्याच्या मरणाची शक्यता आहे त्याच्यावर पुढची गोष्ट अवलंबून ठेवता येत नाही, या भीतीने लेखक त्या पात्राला हळूहळू बाजूला सारतो. ते जिवंत असलं तरी फार काही करत नाही, म्हणून मेलं तरी कुणाचं फार काही अडत नाही. शेवटी मोजणी होते, किती वाचले. मरणाचे गुण होतात. 2018 च्या 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन'ने तर प्रत्येक प्रसंगानंतर फाट्यांचा नकाशाच दाखवला, किती टक्के लोकांनी कुठली वाट घेतली त्यासकट. ज्याच्यासाठी मघाशी डोळ्यांत पाणी आलं, तो आता नकाशातला एक चौकोन झालेला असतो. हात आपोआप उरलेले चौकोन उघडायला जातो.

याच्या उलट, पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजचा 'धिस वॉर ऑफ माइन' 2014 साली आला. साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. वेढलेल्या शहरातल्या पडक्या घरात काही साधी माणसं जगायची धडपड करतात. त्यातलं एखादं मेलं की उरलेले खचतात. कुणी कामाला उठत नाही, कुणी कोपऱ्यात बसून राहतं. दुसऱ्याचं अन्न चोरून आणलं तरी घरातली माणसं अस्वस्थ होतात. फाटे फार नाहीत, भव्य प्रसंगही नाहीत. पण मेलेल्याची जागा रिकामी आहे हे रोज सकाळी जाणवतं. मला विचाराल तर पात्राच्या मृत्यूची कसोटी हीच: तो गेल्यानंतरच्या दिवशी घरात काय घडलं?

इथून पुढचा भाग मी खास आपल्या लोकांसाठी लिहितो आहे. कारण मेल्यावर कुणाची जागा रिकामी राहते आणि कुणाची राहत नाही, हा प्रश्न तंत्राचा राहत नाही.

'कॉल ऑफ ड्यूटी 4: मॉडर्न वॉरफेअर' 2007 साली आला. त्यात एक नाव नसलेला अरब देश आहे. सुरुवातीलाच खेळणारा त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या, अल फुलानीच्या, डोळ्यांनी बघतो. त्याला पकडून मोटारीतून नेलं जातं. खेळणाऱ्याला काय करता येतं? मान वळवता येते. एवढंच. मग त्याला गोळी घातली जाते. पुढे त्याच शहरात अणुबॉम्ब फुटतो आणि खेळणारा अमेरिकन सार्जंट जॅक्सन होऊन कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून सरपटत बाहेर येतो, काही पावलं चालतो, मरतो. मरणाचा हा प्रसंग गेमच्या इतिहासात धाडसी म्हणून वाखाणला जातो, आणि धाडसी तो आहेच. मात्र ज्या शहरात बॉम्ब फुटला तिथे राहणारी माणसं कुठे आहेत? त्यांचं एकही घर नाही, एकही नाव नाही. अमेरिकन शिपायाला स्वतःचं मरण मिळालं. अरबाला मान वळवायची परवानगी मिळाली.

माझा भाचा सातवीत आहे. त्याचे अब्बा कुवेतला कामाला आहेत. व्हिडिओ कॉलवर तो ज्या पाट्या आणि जे रस्ते बघतो, तसेच रस्ते एका गेममध्ये बघून त्याने मला विचारलं, "मामू, हय लोक नाय रवत काय?" बंदूक घेऊन धावणारे सोडले तर त्या शहरात खरंच कुणी राहत नव्हतं. ज्या गावात कुणी राहतच नाही, तिथे कुणी मेलं तर शोक कोण करणार?

2021 साली याच मालिकेच्या 'व्हॅनगार्ड'मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली. जगभरचे मुसलमान चिडले, कंपनीने ती काढली आणि माफी मागितली. चिडणं योग्यच होतं. पण पानांसाठी उठलेला आवाज त्याच गेममध्ये वर्षानुवर्षं बेनाव मरणाऱ्या माणसांसाठी का उठत नाही? एका माणसाला मारणं म्हणजे सगळ्या माणुसकीला मारणं, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. गोष्टीतल्या माणसालाही किमान नाव मागण्याचा आपला हक्क आहे.

आणि हे करता येतं. नाब्लुसचे रशीद अबूऐदेह यांनी 2016 साली 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' हा छोटा गेम काढला. 2014 चं गाझा, एक बाप, त्याची बायको आणि मुलगी. त्यात पर्याय येतात आणि कुठलाही घेतला तरी मरण टळत नाही. इथे मात्र ही फसवणूक वाटत नाही, कारण पर्याय नसणं हेच त्याला सांगायचं आहे. ॲपल कंपनीने आधी म्हटलं, याला गेम म्हणू नका, बातम्यांच्या किंवा संदर्भाच्या विभागात टाका. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. बेनाव अरब मारण्याला कुणी 'हा गेम नाही' म्हटलं नव्हतं. अरब बापाला मुलगी दिल्याबरोबर शंका आली.

दुसरा 2017 चा फ्रेंच गेम, 'बरी मी, माय लव्ह'. नूर ही सीरियन बाई होम्समधून युरोपकडे निघते, नवरा माजद मागे राहतो. खेळणारा म्हणजे माजद. त्याच्या हातात फक्त फोनवरचे मेसेज. तो सल्ला देऊ शकतो, धीर देऊ शकतो. कधी कधी तासन् तास उत्तर येत नाही. शेवट अनेक आहेत, पण जीव टांगणीला लागतो तो त्या न आलेल्या उत्तराने. नावातला अर्थही आपल्या घरातला आहे: माझ्याआधी जाऊ नकोस, मला माती तूच दे. कोकणातल्या ज्या बायकांनी आखाती देशांतल्या नवऱ्याच्या फोनची वाट बघितली आहे, त्यांना हा गेम समजावून सांगावा लागणार नाही.

हे आत्ता लिहिण्याचं कारण आहे. महाराष्ट्र सरकारने 2025 साली ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली 'राजी' काढून दाखवला, आपल्या पुराणांवर उभा, देखणा, जगभर खेळला गेलेला. पैसा येणार, पोरं शिकणार, उद्या शिवकाळावर गेम येणार. त्यात खान असतील हे नक्की. प्रश्न असा की ते सगळे फक्त तलवारीखाली यायला असतील का? 1679 साली खांदेरीच्या समुद्रात इंग्रजांशी झुंजताना मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडारी होता, तसा दौलतखानही होता. भंडारी आणि खान एका आरमारात, हा आमच्या किनाऱ्याचा इतिहास आहे. दौलतखानाला संवाद द्या. त्याला राग, शंका, निष्ठा द्या. खेळणाऱ्याने त्याचा सल्ला धुडकावला तर ते त्याला आठवू द्या. आणि त्याच्या गलबतावरचा एखादा खलाशी मेला, तर दुसऱ्या दिवशी त्याचं वल्हं कोण धरतं ते दाखवा.

शत्रूचंही तसंच. दशावतारात राक्षस गुपचूप मरत नाही. तो दणक्यात प्रवेश घेतो, आपली बाजू मांडतो, राजाशी वाद घालतो, कधी कधी वादात राजाला गप्प करतो आणि गाव त्याला टाळी देतं. मग मरतो. त्याच्या मरणाला वजन येतं, कारण त्याला आधी बोलू दिलेलं असतं. अलीकडे जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' असं मोठ्या अक्षरात छापतात, धूर निघतो, दिवे चमकतात. जुने प्रेक्षक कुरकुरतात की ट्रिकसीन वाढले आणि बोलणं कमी झालं. गेमच्या धंद्यालाही हीच तक्रार तंतोतंत लागू पडते.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. आपल्यातले काही म्हणतील, गेम म्हणजे वेळेची नासाडी, त्यावर इतकं कशाला लिहायचं? पोरं ते खेळतायत म्हणून. त्यांच्या डोक्यात कोण माणूस आणि कोण निशाणा हे तिथे ठरतंय म्हणून. दुसरे म्हणतील, खेळ आहे, एवढा विचार कोण करतो? ज्यांचं नाव त्या खेळात आहे, त्यांना विचार करावा लागत नाही. ज्यांचं नाही, त्यांना करावाच लागतो.

तेव्हा जे लिहिणार आहेत, चित्रं काढणार आहेत, कोड करणार आहेत, त्यांच्याकडे माझ्या मागण्या चारच आहेत. पाळता येणार नाही असं आश्वासन जाहिरातीत देऊ नका. फाटे थोडे ठेवा, पण पात्रांना आठवण द्या. ज्याला मारायचं त्याला आधी बोलू द्या, मग तो कुणाच्याही बाजूचा असो. आणि माणूस मेल्यावर कॅमेरा लगेच हलवू नका. त्याच्या घरी जा, तिथे कोण बसलंय ते बघा.